कातडीची आठवण

इसब दाबू नये, दाबला की तो आत जातो आणि पुढे दमा होतो, अशी समजूत शिराळा तालुक्यात आणि एकूणच पश्चिम महाराष्ट्रात घट्ट रुजलेली आहे. घरातली जुनी माणसे ती ठामपणे सांगतात आणि त्यांच्या सांगण्यामागे डोळ्यांनी पाहिलेले काही असते. तान्हेपणी ज्याचे गाल लाल होऊन चिघळत होते, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत ज्याला सतत खाज होती, तेच मूल पाच-सहा वर्षांचे झाल्यावर रात्री धापा टाकताना त्यांनी पाहिलेले असते. मधल्या काळात कुणीतरी मलम लावलेले असते. मग सगळा दोष मलमावर जातो.

निरीक्षण खरे आहे. लहानपणी इसब असलेल्या मुलांना पुढे दमा किंवा नाकाची ॲलर्जी होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते. त्याचे कारण मात्र लोक उलटे लावतात. मलम रोगाला आत ढकलत नाही. फाटलेल्या, खाजवून सोललेल्या कातडीतून धूळ, परागकण, अन्नाचे कण आत शिरतात, तिथे दबा धरून बसलेल्या पेशी त्यांना शत्रू म्हणून नोंदवून घेतात आणि ती नोंद शरीरभर पोहोचते. पुढे तोच कण श्वासावाटे आला की फुप्फुसातही तीच खळबळ उडते. इसब वाहता ठेवल्याने दमा टळतो याला कसलाही आधार नाही; मूल मात्र रात्र रात्र झोपत नाही, जखमा पिकतात आणि आईला ‘काय खाल्लं होतंस गं पोटुशी असताना?’ हे ऐकून घ्यावे लागते. त्या आईसाठी तरी हा विषय नीट, मराठीत आणि सविस्तर लिहिला जायला हवा होता. या पुस्तकाने ते काम केले आहे, म्हणून मी ही प्रस्तावना आनंदाने लिहीत आहे.

आधी थोडा नावांचा निकाल लावू. आपल्याकडे कातडीच्या कुठल्याही चट्ट्याला इसब म्हणण्याची सवय आहे. नायटा किंवा गजकर्ण बुरशीने होतो. खरूज कातडीत बीळ करणाऱ्या सूक्ष्म किड्याने होते. भाताच्या चिखलात दिवसभर उभे राहून बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या ओलीने होतात. अंगावर गांधी उठून दोन-चार तासांत मावळल्या तर ते पित्त. इसबात यांतले काहीच नसते. त्यात बाहेरून आलेला जंतू मूळ कारण नसतो, त्यामुळे तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. इसब झालेल्या मुलीला शेजारी बसू न देणारी शाळा आणि तिचे लग्न अडवणारे नातेवाईक, दोघेही एका चुकीच्या भीतीपोटी तिच्यावर अन्याय करतात. इसबात जे काही घडते ते घडवतात आपल्याच पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्या करणीचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण आपल्या बांधावर उगवलेले आहे.

ते म्हणजे गाजरगवत. काँग्रेस गवत म्हणा, चटकचांदणी म्हणा. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे त्याचे शास्त्रीय नाव. मूळचे मेक्सिको आणि आसपासच्या अमेरिकी प्रदेशातले. भारतातला त्याचा फैलाव १९५५ साली पुण्यात लक्षात आला आणि पुढच्याच वर्षी ती नोंद छापून आली. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सगळीकडे सांगतात. पण भारताशी त्या योजनेचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, पुण्यातल्या नोंदीनंतर. अमेरिकी गहू त्याआधी १९५१ च्या कर्जातूनही येत होता, त्यामुळे गव्हाची गोष्ट पूर्ण खोटी ठरत नाही; ती सांगताना योजनेचे नाव मात्र जपून घ्यावे.

गवत पसरले तसे पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एक वेगळाच रुग्ण येऊ लागला. बहुतेक प्रौढ पुरुष, उघड्यावर काम करणारे. चेहरा, पापण्या, मान, गळ्याची खळी, कोपराच्या घड्या लाल, सुजलेल्या, विलक्षण खाजणाऱ्या. पावसाळ्यात गवत फुलले की त्रास वाढायचा, वर्षे गेली की कातडी जाड, काळपट, म्हशीच्या मानेसारखी चरबट व्हायची. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी साठच्या दशकात यावर लिहिले आणि १९७४ साली मिचेल व कॅल्नन या दोन परदेशी तज्ज्ञांबरोबर त्यांचा सविस्तर निबंध लंडनच्या नियतकालिकात आला. जगभरच्या त्वचारोगशास्त्राच्या ग्रंथांत पार्थेनियमच्या इसबाला जे पान मिळाले, त्याची सुरुवात पुण्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या चेहऱ्यांवरून झाली. ही आपल्या वैद्यकाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे आणि ती मराठी शाळेत कुठेही शिकवली जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

या गवतात विष आहे असे लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण रोग समजायला तेवढे पुरत नाही. त्याच्या पानांवर, खोडांवर आणि फुलांवर बारीक लव असते. त्या लवेत पार्थेनिन नावाचे रसायन साठलेले असते. गवत वाळले, कुस्करले गेले की लव सुटते आणि वाऱ्यावर उडते. म्हणून रुग्णाने गवताला हातही लावलेला नसतो, तरी त्याचा चेहरा पेटतो. आता प्रश्न असा की त्याच बांधावर, त्याच वाऱ्यात उभ्या असलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना काहीच का होत नाही? रसायन दहाही जणांच्या कातडीवर बसते. फरक असतो तो आतल्या पेशींनी त्या रसायनाची काय नोंद घेतली याचा.

पार्थेनिनचा रेणू इतका लहान असतो की एकट्याने तो आपल्या संरक्षणयंत्रणेच्या नजरेत भरत नाही. कातडीत उतरल्यावर तो तिथल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो. मग आपलेच प्रथिन परके दिसू लागते. अशा लहान रेणूंचे हे वागणे कार्ल लांडस्टायनर यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले. रक्तगटांचा शोध लावणारे तेच लांडस्टायनर. त्वचेच्या वरच्या थरात फांद्या पसरून बसलेल्या पेशी हे बदललेले प्रथिन उचलतात, लसिकावाहिन्यांतून काखेतल्या किंवा मानेतल्या गाठीपर्यंत नेतात (पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, तीही अशीच गाठ) आणि तिथे टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींसमोर ठेवतात. लाखो टी-पेशींपैकी ज्या मोजक्या पेशींना ते प्रथिन नेमके जुळते, त्या जाग्या होतात, वाढतात, एकीच्या हजारो होतात. या पहिल्या फेरीत बाहेर काहीच दिसत नाही. माणूस महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे गवतात वावरतो आणि एका पावसाळ्यात अचानक ‘यंदाच कसं झालं?’ म्हणत दवाखान्यात येतो. त्या पावसाळ्यापर्यंत टी-पेशींचा जमाव तयार झालेला असतो. त्यानंतर रसायनाचा लवलेशही पुरतो. कातडीवर तो बसला की दीड-दोन दिवसांत टी-पेशी तिथे गोळा होतात, दाह पेटवणारी रसायने सोडतात आणि कातडी सुजते, पाझरते, खाजते. दीड-दोन दिवसांच्या या विलंबामुळेच रुग्णाला कारण सापडत नाही. काल खाल्लेल्या वांग्याला तो दोष देतो. गवतातून तो परवा गेलेला असतो.

त्या फांद्यावाल्या पेशींची कथा सांगायलाच हवी. १८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने माणसाच्या कातडीचे पातळ काप सोन्याच्या क्षारात रंगवले. त्यात त्याला ताऱ्यासारख्या काळ्या पेशी दिसल्या आणि त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात असे त्याला वाटले. पुढच्या वर्षी त्याने स्वादुपिंडातली बेटे शोधली, जी आज इन्शुलिनमुळे सर्वांना ठाऊक आहेत. कातडीतल्या त्याच्या पेशींचे खरे काम उमगायला मात्र शंभरहून अधिक वर्षे गेली. १९७० च्या दशकात त्या संरक्षणयंत्रणेतल्या आहेत हे स्पष्ट होत गेले. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने नीट पाहिले, प्रामाणिकपणे चित्र काढले आणि उत्तर पुढच्या पिढ्यांसाठी ठेवले. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगावेसे वाटते.

दुसरी कथा शिराळ्याच्या वाचकाला लवकर पटेल. नागपंचमीमुळे देशभर ओळखल्या जाणाऱ्या या गावाला सर्पदंशाची लस समजावून सांगायची गरज नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या लशीसाठी घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अगदी थोड्या मात्रेत टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला बांधणारी प्रतिपिंडे तयार होतात. रक्तातील पेशी काढून टाकून उरलेल्या द्रवातून ही प्रतिपिंडे शुद्ध करतात आणि ती माणसाला देतात. घोड्याने कमावलेले संरक्षण माणसाला उसने मिळते, कारण ते द्रवात विरघळलेले असते. इसबातली संवेदनशीलताही अशीच द्रवातून एकाकडून दुसऱ्याकडे जाते का, हे अनेकांनी तपासले. तशी ती जात नव्हती. १९४२ साली लांडस्टायनर आणि त्यांचे तरुण सहकारी मेरिल चेस यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गिनीपिगांवर प्रयोग केला. एका रसायनाने कातडीला इसब होणाऱ्या प्राण्याच्या पांढऱ्या पेशी निरोगी प्राण्याला टोचल्या, तेव्हा त्यालाही त्या रसायनाने इसब होऊ लागला. सर्पविषाविरुद्धचे बळ द्रवात असते, इसबाचे बळ जिवंत पेशींत असते, हा फरक या प्रयोगाने पक्का झाला. या पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात हे कळायला १९६० चे दशक उजाडले आणि त्यांना टी हे अक्षर थायमसवरूनच मिळाले.

या पेशी रक्तात फिरत असतात असे आपण समजतो. २००६ साली बोस्टनमधल्या संशोधकांनी मोजले, तेव्हा निरोगी माणसाच्या कातडीत सुमारे २००० कोटी टी-पेशी निघाल्या, संपूर्ण रक्तात असतात त्याच्या जवळपास दुप्पट. त्यांतल्या कित्येक तिथेच मुक्कामाला राहतात. एकदा इसब होऊन गेलेल्या जागी त्या जास्त संख्येने उरतात. वरून कातडी मऊ, नितळ दिसते. आत आठवण शाबूत असते. म्हणून इसब पुन्हा त्याच मनगटावर, त्याच घोट्यावर उमटतो. ‘बरा झाला होता, परत कसा आला?’ या प्रश्नाने रुग्ण आणि डॉक्टर या दोघांचाही धीर सुटतो. त्याचे उत्तर या मुक्कामी पेशींत आहे, आणि माझ्या मते या पुस्तकातले सर्वांत मोलाचे प्रकरण तेच आहे. दोन आठवड्यांत खाज थांबली म्हणून औषध सोडणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे.

गाजरगवत हे एक उदाहरण झाले. शिराळा, पाटण, शाहूवाडी भागातली माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला गिरणीत, गोदीत, माथाडी कामाला गेली. आज बांधकामावर जातात. ओल्या सिमेंटमधल्या क्रोमियमच्या क्षाराने हातांना होणारा इसब हाच टी-पेशींचा खेळ आहे. डेन्मार्कने १९८१ पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून तो क्षार निष्प्रभ करायला सुरुवात केली आणि तिथल्या कामगारांत हा रोग कमी झाला. खोट्या दागिन्यांतले निकेल, टिकलीमागचा डिंक, केसांचा काळा रंग यांचेही तसेच.

मुलांचा इसब मात्र वेगळ्या वाटेने येतो, आणि प्रस्तावनेच्या सुरुवातीला ज्या मुलाबद्दल लिहिले त्याचा इसब या जातीचा असतो; त्याला ॲटोपिक इसब म्हणतात. इथे पहिली खोट बऱ्याचदा कातडीच्या बांधणीत असते. २००६ साली स्कॉटलंडच्या डंडीमधल्या आणि आयर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष शोधले. हे प्रथिन वरच्या थराला ओल धरून ठेवायला आणि फटी बुजवायला मदत करते. ते कमी पडले की कातडी कोरडी होते, पाणी उडून जाते आणि बाहेरचे आत येते. मग तिथल्या पेशी धोक्याचा इशारा देतात आणि टी-पेशींतली एक विशिष्ट फळी पुढे सरसावते. तिला दुसऱ्या प्रकारच्या मदतनीस पेशी म्हणतात. त्या इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ सोडतात. या दोन रसायनांमुळे कातडीचे उरलेसुरले फिलॅग्रिनही घटते, जंतूंना मारणारी नैसर्गिक द्रव्ये कमी होतात आणि पू करणारे स्टॅफिलोकोकस जंतू वस्तीला येतात. इंटरल्युकिन-३१ थेट मज्जातंतूंना चेतवते आणि खाज सुटते. मूल खाजवते, कातडी आणखी फाटते, आणखी पेशी येतात. जोडीला जंतांशी लढण्यासाठी बनलेल्या इओसिनोफिल पेशी येतात, मास्ट पेशी येतात.

आता उपचार. पश्चिमेच्या डोंगराकडच्या गावांत पावसाआधी छप्पर शाकारतात. कौल फुटके ठेवून नुसती आतली जमीन पुसत बसत नाहीत. इसबातही आधी कातडी शाकारायची असते: अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच भरपूर क्रीम, व्हॅसलिन किंवा खोबरेल, तेही रोज आणि इसब नसतानाही. मोहरीचे तेल टाळावे, त्याने कातडी बिघडते. त्यानंतर आतल्या पेशींना शांत करणारे औषध. स्टेरॉइडचे मलम हे नेमके तेच काम करते आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या ताकदीचे, ठरवलेल्या दिवसांपुरते लावले तर ते सुरक्षित आहे. आपल्याकडची आपत्ती वेगळी आहे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची एकत्र मलमे लोक चेहऱ्यापासून जांघेपर्यंत सगळीकडे चोळतात. नायट्यावर स्टेरॉइड लावले की टी-पेशी गप्प होतात, खाज थांबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. भारतात गेल्या दशकात चिवट नायट्याची जी साथ पसरली, तिच्यातल्या बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. देशाचे नाव त्या बुरशीला चिकटले आहे. स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री रोखण्यासाठी सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले. ते पाळले जावेत असे मला तळमळीने वाटते.

पार्थेनियमच्या जुनाट रुग्णांसाठी दिल्लीच्या एम्समधील डॉ. पसरिचा, डॉ. वर्मा आणि सहकाऱ्यांनी अझाथायोप्रिन या गोळीचा पद्धतशीर अभ्यास केला. ही गोळी मूळची अवयवरोपणातली. वेगाने वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींना ती आवर घालते. तिच्यामुळे कित्येकांची स्टेरॉइडच्या गोळ्यांतून सुटका झाली. औषध स्वस्त आहे, पण रक्ततपासणी करत करतच घ्यावे लागते. प्रौढांच्या ॲटोपिक इसबासाठी इंटरल्युकिन-४ आणि १३ या दोघांचा मार्ग एकदम अडवणारे ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन २०१७ साली अमेरिकेत मंजूर झाले; मुलांसाठीची मंजुरी त्यानंतर आली. नेमक्या कोणत्या पेशी, नेमके कोणते रसायन हे कळल्यामुळेच ते शक्य झाले. शिराळ्याच्या शेतमजुराला ते आज परवडणारे नाही.

त्याला आज मिळू शकते ते निदान. पाठीवर पट्टीखाली संशयित पदार्थ ४८ तास ठेवून कातडी पाहण्याची चाचणी योझेफ याडासोन यांनी १८९५ साली मांडली आणि अजून तिला पर्याय नाही. भारतात वापरल्या जाणाऱ्या संचात पार्थेनियमचा अर्क असतोच. पापण्या, कानामागची कातडी आणि मान एकदम खाजत असेल, पावसाळ्यात वाढत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला ‘आमच्याकडे गाजरगवत आहे’ हे स्वतःहून सांगावे. शेवंती आणि सूर्यफूल ही त्याच कुळातली असल्याने काहींना त्यांचाही त्रास होतो, तेही सांगावे.

आणि गवताचे काय? १९८३ साली मेक्सिकोतून बंगळुरूला आणलेले झायगोग्रामा भुंगे पुढच्या वर्षी शेतांत सोडले गेले. आता ते महाराष्ट्रातही पावसाळ्यात हे गवत फस्त करताना दिसतात, पण एकट्याने पुरे पडत नाहीत. टाकळा दाट वाढू दिला तर गाजरगवत मागे हटते. हाताने उपटायचे ते फुलण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून; वाळलेले जाळू नये. ज्याला आधीच इसब आहे त्याने या कामात उतरू नये, कारण त्याच्या टी-पेशींना चिमूटभर लवही पुरते. याच कारणामुळे एका शेतकऱ्याने आपला एकट्याचा बांध स्वच्छ करून भागत नाही. लव वाऱ्याने येते: रस्त्याकडेच्या, गावठाणातल्या, शाळेच्या पटांगणातल्या, ओढ्याकाठच्या गवतावरून. मेअखेरीस धूळवाफेवर भात पेरण्याची घाई असते तेव्हा हे काम कुणालाच सुचत नाही. पहिल्या पावसानंतरच्या पंधरवड्यात, रोपे वीतभर असताना, ग्रामपंचायतीने ते अंगावर घेतले तर रुग्णाचा पावसाळा बराच सुसह्य होतो. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण याच कामाची पद्धत सांगते. सरपंचांनी आणि आशाताईंनी वाचन तिथूनच सुरू केले तरी चालेल.